दिल्लीचा आठवडा: आधी वार बघ, मग ठिकाण

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी दिल्लीची यादी वाचली. ठिकाणं चांगली निवडली आहेस, पण एकाही नावापुढे वार नाही, आणि दिल्लीत तिथेच घोटाळा होतो. सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, लोटस टेंपल, अक्षरधाम, सगळं बंद. शुक्रवारी प्राणिसंग्रहालय बंद आणि आग्र्याचा ताजही बंद. रविवारी चांदणी चौकातल्या बऱ्याच दुकानांची शटरं खाली. तू सोमवारी लाल किल्ला नि शुक्रवारी आग्रा लिहिलं आहेस. ते दोन्ही बदल.

फेब्रुवारी निवडलास ते उत्तम. डिसेंबरअखेर नि जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात, आणि 26 जानेवारीच्या आसपास लाल किल्लाही बंद असतो. फेब्रुवारीत दुपारी ऊन छान पडतं, पण सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतोच.

राहायला लाजपतनगर बघ. स्टेशनाजवळचं स्वस्त हॉटेल रोजच्या रिक्षांनी महाग पडतं. लाजपतनगरला मेट्रोच्या व्हायलेट आणि पिंक अशा दोन्ही लाइन मिळतात. व्हायलेटने लाल किल्ला, जामा मशीद आणि कालकाजी मंदिर (लोटस टेंपलसाठी) थेट. पिंकने दिल्ली हाट-आयएनए दुसरं स्टेशन, तिथे यलो लाइन पकडली की कुतुबमिनार. पिंकनेच उलट्या दिशेला तिसरं स्टेशन सराय काले खाँ-निजामुद्दीन, म्हणजे हजरत निजामुद्दीन स्टेशनच. त्याच्या पुढच्या मयूर विहार-1 ला ब्लू लाइन घेतली की अक्षरधाम एकच स्टेशन.

रविवारी पोचून विश्रांती घ्या. सोमवारी सकाळी कुतुबमिनार. मेट्रो स्टेशनपासून तो लांब आहे, रिक्षा करा. मिनारात वर चढणं 1981 च्या चेंगराचेंगरीपासून बंद आहे, त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्यांची काळजी नको. परतताना दिल्ली हाटला (हस्तकलेचा नि खाण्यापिण्याचा खुला बाजार) जेवा आणि चारच्या सुमारास हुमायूनच्या मकबऱ्यात जा. उतरत्या उन्हात तो लाल दगड बघण्यासारखा असतो. ते ठिकाण घाईत उरकू नका.

मंगळवारी उघडतानाच लाल किल्ला. दिवाण-ए-खासमध्ये पिल्लूला वर बघायला सांग. तिथल्या छताची चांदी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी उतरवून वितळवली, आणि पुढच्याच वर्षी पानिपत झालं. आपल्या माणसांनी ते छत बघताना हे माहीत असायला हवं. किल्ल्यासमोरच चांदणी चौक. दिवसा तिथल्या मुख्य रस्त्यावर मोटारी येऊ देत नाहीत, सायकलरिक्षा करावी लागते. बसण्याआधीच 'पूर्ण रिक्षाचे किती' असं विचार, नाहीतर उतरताना माणशी भाडं मागतात. दौलत की चाट सकाळीच खा. तो दुधाचा फेस आहे, ऊन चढलं की बसतो, आणि मिळतो थंडीतच. जामा मशिदीच्या तिन्ही दारांना तीसहून जास्त पायऱ्या आहेत, सासूबाईंना विचारून ठरव.

बुधवारी आग्रा. गतिमान एक्सप्रेस निजामुद्दीनहून सकाळी 8:10 ला निघते आणि पावणेदोन तासांच्या आत आग्रा कँटला पोचते. ताजचं तिकीट 50 रुपये, मुख्य मकबऱ्यात जायचे आणखी 200. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. आत खाणं नेऊ देत नाहीत, पिल्लूचा डबा आधीच संपवा.

गुरुवार हलका ठेव: राष्ट्रीय संग्रहालय, संध्याकाळी इंडिया गेट नि राष्ट्रीय युद्ध स्मारक. शुक्रवारी दुपारनंतर अक्षरधाम. आत मोबाइल, कॅमेरा, पिशवी काहीच चालत नाही, सगळं बाहेर जमा करावं लागतं आणि रांग मोठी असते. आत गेल्यावर फोन नसणार, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. शनिवार खरेदीला आणि राहिलेल्यासाठी मोकळाच सोड. काही ना काही राहतंच.

मेट्रोचं कार्ड माणशी एक लागतं, एकावर दोघं जाऊ शकत नाहीत. तीन फुटांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पिल्लूची उंची मोजून ठेव. पुढचा पहिला डबा बायकांचा. जावईबापू चुकून चढले तर दंड होईल.

आणि स्टेशनवर कोणी 'तुमचं हॉटेल बंद झालंय' किंवा 'हे तिकीट चालणार नाही' म्हणालं तर थांबायचं नाही. तो दलाल असतो, तुम्हाला त्याच्या दुकानात न्यायला बघतो.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं. जाण्याच्या आणि येण्याच्या तारखा वेगवेगळ्या उघडतील, दोन्ही आत्ताच कॅलेंडरवर लिही. सासूबाईंना खालचा बर्थ माग.

तुझी,
आई