ताई, त्या वहीबद्दल

प्रिय ताई,

तुम्ही गेल्याचं कळलं त्या रात्री आईनं कपाटातून ती निळी वही काढली. हे पत्र तुमच्या हातात पडायला हवं होतं. आज लिहू, उद्या लिहू म्हणत मी राहून गेले, याची चुटपुट कायम राहील.

दादा २२ वर्षांचा असताना त्याला स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं निदान झालं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. आई बाहेरच्या बाकावर "माझंच काहीतरी चुकलं" एवढंच घोकत बसली होती. रुग्णांच्या घरोघरी जाऊन कुटुंबांना सांभाळणाऱ्या तुम्ही, तिच्या शेजारी येऊन बसलात. फाइल मागितली नाहीत. म्हणालात, "आईच्या वागण्यामुळे हा आजार होतो असं एके काळी डॉक्टरही मानायचे. १९४८ साली एका मनोविकारतज्ज्ञ बाईंनी तसं लिहिलं आणि किती आयांनी ते ओझं वाहिलं. पुढे ते खोटं ठरलं. तुम्ही उगाच उचलू नका." निदान झाल्यापासून आई तेव्हा पहिल्यांदा रडली.

म्हणूनच पुढे तुम्ही घरातल्या बोलण्याचा विषय काढलात, तेव्हा तो आम्हाला लागला नाही. तुम्ही सांगितलंत, लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी परतलेल्या लोकांचा अभ्यास केला होता. ज्या घरात सतत टीका, चिडचिड किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी होती, तिथे दुखणं जास्त वेळा उलटलं. १९७६ च्या दुसऱ्या एका अभ्यासातही दिसलं की अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर राहणाऱ्यांना धोका अधिक. "आजार घरानं दिलेला नाही, पण घर त्याला थोडी उसंत देऊ शकतं," असं तुम्ही समजावलंत. आईला सोडलेली नोकरी पुन्हा धरायला लावलीत. गोळ्यांच्या बाबतीत मात्र तुम्ही कडक होता. बरं वाटतंय म्हणून दादानं त्या परस्पर बंद केल्या, तेव्हा तुम्ही त्याला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेलात.

आणि ती वही. दिवसभरात दादाशी जे बोलाल ते लिहून ठेवा, असं तुम्ही आईला सांगितलंत. पहिल्या पानावर ४१ वाक्यं आहेत. उठलास का, गोळी घेतलीस का, असा काय बसलायस, अंघोळ कर. तुम्ही पान शांतपणे वाचलंत, एकाही वाक्यावर खूण केली नाहीत. फक्त म्हणालात, "उद्या यात एक वाक्य असं घाला, जे प्रश्न नाही आणि हुकूमही नाही." आईला दिवसभर सुचेना. संध्याकाळी खिडकीशी उभी राहून ती म्हणाली, "आज पाऊस येईलसं वाटतंय." दादा म्हणाला, "हो, ढग आलेत." कित्येक आठवड्यांत त्यानं आपणहून जोडलेले ते पहिले शब्द. वहीत आईनं त्यांच्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुखणं दोनदा उलटलं. दुसऱ्या वेळी दादानं खोलीचं दार आतून लावून घेतलं. आम्ही घाबरून बडवत होतो. तुम्ही आलात, आम्हाला बाजूला केलंत, एकदाच आवाज दिलात, "मी बाहेर पायरीवर बसलेय, घाई नाही," आणि खरंच बसलात. पाऊण तासानं कडी निघाली. त्या दिवशी तुमच्या यादीत आणखी तीन घरं होती, हे मला नंतर कळलं. तिथेही उशिरा का होईना, पोचलात. एवढ्या कामाचा कुठे हिशोब राहत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. निदान आमच्या घरापुरता तो इथे लिहून ठेवते आहे. ताई, मनापासून आभार.

त्या रात्री आई वही उघडून बसली होती. दादा येऊन तिच्या शेजारी बसला. आईनं काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, "त्यांनी दार वाजवलं नव्हतं."

तुमची,
दादाची बहीण