समारंभातून उठून जाण्याचे कारण

प्रिय कुमुद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, याची लाज वाटते. प्रकृती ठीक आहे.

तुझ्या निरोप समारंभातून मी मध्येच उठून गेले आणि तू मला मत्सरी म्हणालीस. खरे कारण असे की, तुझ्याच विनोदावर हसताना माझे कपडे ओले झाले होते. मत्सर होताच, पण उठून जाण्याइतका नव्हता.

खोकताना, शिंकताना लघवी सुटणे हा एक प्रकार, आणि कुलपात किल्ली घालताच आत पोहोचेपर्यंत धीर न निघणे हा दुसरा. माझ्याकडे दोन्ही एकत्र नांदत होते. मी आपल्या अकलेने पाणी कमी केले, तर लघवी दाट होऊन मूत्राशय अधिकच चिडले आणि बद्धकोष्ठाने त्यात भर घातली. शिवाय बाहेर पडताना 'जाऊनच येते' म्हणून इतक्यांदा जात असे की, थोडे साठले तरी हाक द्यायची सवय मीच त्याला लावली. डॉक्टरांनी आधी जंतुसंसर्ग नाही ना हे तपासले आणि मग ३ दिवस किती प्यायले, केव्हा गेले, किती गळले याची नोंद ठेवायला सांगितली. त्या वहीत एका दिवसाच्या १६ फेऱ्या निघाल्या. (हिशेबात मी तुझ्याहून पक्की, हे आता तरी मान्य कर.)

लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचा व्यायाम मी आधीही करीत होते, पण श्वास रोखून आणि पोट आवळून, म्हणजे सपशेल चुकीचा. वारा अडवताना जे स्नायू आकसतात, तेवढेच आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि मग पूर्ण सैल सोडायचे. एका वेळी ८ ते १२, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. शिंकेच्या क्षणभर आधी आवळण्याची युक्ती तर मला फार उपयोगी पडली. घाई झाली की धावायचे नाही. जागीच थांबून चार-पाचदा आवळायचे आणि कळ ओसरली की चालत जायचे. चहाही कमी केला आहे.

आता १० आठवडे झाले. गळणे पुष्कळ कमी झाले असले, तरी थांबलेले नाही आणि पर्समध्ये पॅड असतोच. पुढे औषधे आहेत, शस्त्रक्रियाही आहे, असे डॉक्टर म्हणतात. मला मात्र रात्री आईच आठवते. तिने घराबाहेर पडणे सोडले, तेव्हा आपण दोघींनी तिला तिरसट ठरवले होते. तिने एकदाही कारण सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही.

तुझा गुडघा कसा आहे? मुलाच्या नोकरीचे कळव.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा विनोद अवश्य कर, फक्त आधी सूचना दे. आवळायला मला एक क्षण लागतो.

तुझी,
मालू