एमईयूच्या कार्यशाळेबद्दल

प्रिय सुहास,

एमईयूचं (कॉलेजच्या वैद्यकीय शिक्षण कक्षाचं) काम तुझ्या गळ्यात पडलं! अभिनंदन करू की सांत्वन, ते तूच ठरव.

प्राध्यापकांच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेत नेमकं काय करून घ्यायचं, असं विचारलंस. आधी काय टाळायचं ते सांगतो. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम (विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, यावर बेतलेला) आला, मिलरचा पिरॅमिड (माहीत असण्यापासून प्रत्यक्ष करण्यापर्यंतच्या पायऱ्या) काय, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यावर स्लाइड दाखवत बसलास तर दुपारी निम्मा हॉल रिकामा होईल. पहिला तास पुरे.

तीस जण असतील तर सहा-सहाचे पाच गट कर, प्रत्येकात वेगवेगळ्या विभागांची माणसं. सगळ्यांना एकच क्षमता दे: रक्तदाब मोजणे. बहुतेक गट आधी लिहितील, ‘विद्यार्थ्याला रक्तदाब समजला पाहिजे.’ ‘समजणे’ तपासणार कसं? ते खोडून कृती लिहायला लाव, मग दहा-बारा ओळींची चेकलिस्ट: पाच मिनिटं विश्रांती, दंड हृदयाच्या पातळीला, कफची (दंडाला बांधायच्या पट्ट्याची) फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के लांब, आधी नाडीवर हात ठेवून वरच्या रक्तदाबाचा अंदाज, मग त्यापेक्षा ३० मिमी (पाऱ्याचे) वर फुगवून सेकंदाला दोन-तीन मिमीने हवा सोडणे.

खरी मेख पुढे आहे. एखाद्या रेसिडेंटकडून मुद्दाम दोन-तीन चुका करवून व्हिडिओ घे. कफ लहान, हवा भसकन सोडलेली. प्रत्येकाने न बोलता गुण द्यायचे आणि सगळे फळ्यावर मांडायचे. एकाच कामाला कुणी चार देतो, कुणी नऊ. ‘योग्य पद्धतीने मोजला’ अशी ढोबळ ओळ असली की हमखास हे होतं. ती ओळ फोडा, पुन्हा गुण द्या. तफावत कमी होताना डोळ्यांनी दिसली की कडवे विरोधकही जरा मवाळ होतात. अर्धा दिवस इथेच जाऊ दे, इतर सत्रं खुशाल कापून टाक.

कौशल्य शिकवण्याच्या डीओएपी पद्धतीचा क्रम (दाखवणे, निरीक्षण, मदत, स्वतः करणे) सांगताना हिशेबही मांड. १५० विद्यार्थी, प्रत्येकी आठ मिनिटं, म्हणजे वीस तास. पाच शिक्षक एकाच वेळी बसले तर चार. वेळापत्रकात हे तास राखले नाहीत, तर एकाच्या प्रात्यक्षिकावर सगळ्या बॅचच्या सह्या होतात.

लॉगबुकची (विद्यार्थ्याच्या कौशल्यांच्या नोंदवहीची) गतही तीच. सत्राअखेरीस गठ्ठ्याने सही करायची सवय मोडायला हवी. प्रयत्न पहिला (एफ), पुन्हा (आर) की रेमिडियल, म्हणजे उणीव भरून काढायला घेतलेला (आरई), आणि दर्जा बी (अपेक्षेपेक्षा कमी), एम (अपेक्षेइतका) की ई (अपेक्षेपेक्षा वरचा), हे त्याच दिवशी भरायचं. बी दिला तर कोणती पायरी चुकली तेही एका ओळीत लिहायचं. नाहीतर रेमिडियलला शिकवणार काय?

विभागप्रमुखांना मात्र कार्यशाळेच्या पहिल्याच बॅचमध्ये बसव. ते आले नाहीत तर धाकटे शिक्षक शिकून जातात आणि परत गेल्यावर जुन्याच पद्धतीने परीक्षा घेतात. चेकलिस्टचा कच्चा मसुदा झाला की पाठव, बघून देतो.

तुझा,
विनायक