वाकळ, बाहुली आणि जूनचे पंधरा दिवस हवे आहेत

जूनमध्ये बालवाडी उघडली की पहिले पंधरा दिवस दारात रडारड असते. तीन वर्षांचं मूल आईचा पदर सोडत नाही. ते खेळात गुंतलं की आई गुपचूप सटकते आणि तिथंच चुकतं. मागं वळल्यावर आई दिसली नाही, तर दुसऱ्या दिवशी मूल खेळण्यांकडे बघत नाही, त्याचं सगळं लक्ष दाराकडे. "मी जाते, खाऊ खाऊन झाला की न्यायला येते," असं सांगून गेलं तर मूल त्या वेळी जास्त रडेल, पण सावरेलही लवकर. फक्त सांगितलेली वेळ पाळायला हवी.

कोल्हापूरच्या पेठांमधल्या बालवाड्या-अंगणवाड्यांतल्या शिक्षिका, मदतनीस आणि पालक मिळून आम्ही हे आवाहन करत आहोत. रोख रक्कम नको. रडणाऱ्या, चिडलेल्या मुलाला निवायला प्रत्येक वर्गात एक शांत कोपरा करायचा आहे. त्यासाठी वस्तू हव्यात आणि माणसं हवीत.

राग अनावर झालेल्या मुलाला त्या घडीला समजावून काही कळत नाही. ताई त्याच्या शेजारी खाली बसते, आवाज हळू ठेवते आणि एकच वाक्य बोलते, "ट्रक ओढून घेतला म्हणून राग आलाय तुला." मग थांबते. मारू मात्र देत नाही, हात हलकेच धरते. काय करायचं होतं, ते बोलणं मूल निवल्यावर. असं रोज घडलं की हात उचलण्याआधी शब्द येऊ लागतो. याला महिने लागतात. कोपऱ्यात शिक्षा म्हणून कुणालाही बसवायचं नाही. एकदा जरी तसं झालं, तरी मुलं त्या जागेला भितात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

कोपऱ्यासाठी वाकळा हव्यात, दर वर्गाला दोन, म्हणजे एक धुवायला गेली की दुसरी असते. साधारण 4 बाय 6 फूट, जुन्या सुती लुगड्यांच्या. नायलॉनची साडी नको, ती घसरते आणि अंगाला गरम होते. कापडी बाहुल्याही दोन, 12 इंचांच्या. डोळे दोऱ्यानं भरा, बटण किंवा मणी लावू नका. मुलं दातानं तोडतात आणि ते घशात अडकतं. आत चिंध्या भरा. तांदूळ-डाळ भरली तर पावसाळ्यात कीड लागते. आणि बाहुलीचं तोंड हसरं करू नका, सरळ रेघ ठेवा. मग रडणारं मूल "हिला पण आई पायजे" म्हणू शकतं. हसऱ्या बाहुलीजवळ त्याला ते म्हणता येत नाही.

न फुटणारा आरसा एक, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायला. भिरभिरी पाच-सहा, फुंकर मारताना श्वास आपोआप लांबतो. खेळण्यातले ट्रक, चेंडू देताना एकासारखे दोन द्या. या वयात वाटून घेणं नुकतं जमू लागलेलं असतं, आणि वर्गातली निम्मी भांडणं एकुलत्या एका वस्तूवरून होतात.

शाहूपुरी, बापट कॅम्पमधल्या कुंभार बांधवांना खास विनंती: गणपतीची घाई सुरू होण्याआधी दर वर्गाला 10 किलो चाळलेली माती द्यावी. थापटायला, पिळायला, आपटायला मातीसारखं दुसरं काही नाही. ओल्या गोणपाटात, झाकणाच्या बादलीत ती मऊ राहते.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. 2019 आणि 2021 चा महापूर आजच्या बालवाडीतल्या मुलांनी पाहिलेला नाही. पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की घरात दिवसभर तोच विषय. मूल ऐकतं आणि वर्गात चिडचिड करतं, चड्डी ओली करतं. त्याला रागावू नका. "पाणी वाढलं तर आपण सगळे मिळून काकाच्या घरी जायचं," एवढं घरी स्पष्ट सांगा.

माणसं हवीत ती जूनमध्ये बालवाडी उघडल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात, रोज दोन तास आणि पंधरा दिवस तीच व्यक्ती. रोज नवा चेहरा आला तर मूल पुन्हा बावरतं. काम एवढंच: रडणाऱ्या मुलाजवळ बसायचं. चॉकलेटचं आमिष नाही, "ती बघ कशी शहाणी" नाही, मोबाईल नाही.

वस्तू मे महिन्याच्या अखेरपर्यंत आपल्या गल्लीतल्या बालवाडीत किंवा अंगणवाडीच्या ताईंकडे पोचवा. कापडी वस्तू धुऊन, कडक उन्हात वाळवून द्या.