सांता मोनिकात फक्त बिबिंका शिजत नव्हती

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या गोव्यावरचा लेख वाचला. बॉम जीझस आणि से कॅथेड्रलला भरभरून जागा, आणि सांता मोनिका मठाच्या वाट्याला दोन वाक्यं: एक तिथल्या चमत्काराच्या क्रूसावर, दुसरं बिबिंका या थरांच्या गोवेकरी गोड पदार्थावर. तिथल्या सिस्टर बेबियानाने बिबिंका पहिल्यांदा केली ही आख्यायिका खुशाल सांगा, पण १६०६ पासून १८८५ पर्यंत त्या मठात बायका राहिल्या. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे?

पोर्तुगीजांनी आशियात उभारलेला स्त्रियांचा हा पहिला मठ. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी तो स्थापन केला. सुरुवातीच्या प्रवेशांत फिलिपा फेरेरा ही विधवा होती आणि तिच्याबरोबर तिची मुलगीही. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने धर्मभगिनींच्या बंदिवासाचा नियम पुन्हा कडक केला होता, त्यामुळे आत गेलेली बाई साधारणपणे आतच मरे. नातलग भेटायला आले तर मध्ये लोखंडी जाळी. सामान घ्यायला-द्यायला भिंतीत बसवलेलं फिरतं लाकडी कपाट: बाहेरच्याने वस्तू ठेवायची, कपाट फिरवायचं, आतलीने उचलायची. तोंड दिसायचं कारणच नाही.

पण आत गेल्या म्हणजे घरचे व्यवहार सुटले, असं मुळीच नाही. प्रवेशाच्या वेळी मुलीबरोबर हुंडा येई. काळ्या बुरख्याच्या भगिनी लॅटिन प्रार्थना गात, मठाच्या कारभारात त्यांना मत असे. पांढऱ्या बुरख्याच्या भगिनी घरकाम बघत, आणि त्यांच्याही खाली दासी. म्हणजे उंबरठ्याबाहेरची उतरंड आतही तशीच. हुंड्यांतून मठाची मालमत्ता वाढत गेली तशी गोव्याची नगरसभा अस्वस्थ झाली. वारसदार मुली आणि श्रीमंत विधवा मठात शिरल्या, तर पोर्तुगीज पुरुषांनी लग्नं कोणाशी करायची आणि पैसा शहरात कसा फिरायचा, अशा तक्रारी थेट राजाकडे गेल्या. मला यात गंमत वाटते. बाईने संसार नाकारला हे दुखत नव्हतं, तिने पैसे बरोबर नेले हे दुखत होतं. अर्थात आत गेलेली प्रत्येक जण स्वखुशीने गेली असेल, असंही मी म्हणणार नाही. घरच्यांनी ठरवून पाठवलेल्या मुली युरोपातल्या मठांत कमी नव्हत्या, गोव्यातच वेगळं असण्याचं कारण दिसत नाही.

लेखात १६३६ च्या आगीचा आणि त्यानंतरच्या पुनर्बांधणीचा उल्लेख नाही, ते एक वेळ चालेल. शेवटची पन्नास वर्षं मात्र गाळायला नको होती. १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले, पुढच्या वर्षी गोव्यात अंमल झाला. पुरुषांचे मठ लगेच बंद. बायकांना हाकललं नाही, फक्त नवी मुलगी घ्यायची बंदी केली. म्हणजे असलेल्या एकेक करून जातील आणि मठ आपोआप बंद पडेल, असा हिशोब. शहर तर आधीच ओस पडत चाललं होतं. १८४२ मध्ये शेजारच्या सेंट ऑगस्टीन चर्चचं छत कोसळलं, १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. त्या अवाढव्य तीन मजली इमारतीत म्हाताऱ्या होत चाललेल्या भगिनी राहिल्या, भोवती माड आणि पडकी घरं. शेवटची भगिनी १८८५ मध्ये वारली. पुढे तिथे लष्कराची छावणीही पडली.

१९६४ पासून त्याच इमारतीत मातेर देई संस्था आहे. धर्मभगिनींना धर्मशास्त्र शिकवण्यासाठी ती सुरू झाली. ज्या दारातून आत गेलेली बाई परत येत नसे, तिथे सिस्टर शिकायला येऊ लागल्या. एवढा मोठा बदल आपल्या लेखकांच्या नजरेतून सुटला याचं नवल वाटतं. मठाच्या चर्चमध्येच ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, त्याचाही लेखात पत्ता नाही. गोव्याला जाणारे आपले वाचक बॉम जीझसपाशी फोटो काढून समुद्राकडे वळतात. पुढच्या पर्यटन पुरवणीत निदान एवढं छापा, की सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापाशी टेकडीवर गेलात, तर शेजारीच ही इमारत आहे.

आपली नियमित वाचक,
सावंतवाडी