चायाची पाने कच्ची खाऊ नयेत

रविवारच्या पुरवणीत ‘चाया’ या बहुवर्षायू पालेभाजीवर आलेला लेख वाचला. झुडूप एकदा रुजले की वर्षानुवर्षे पाला देते, पालकापेक्षा त्यात प्रथिने व कॅल्शियम जास्त असते, हे सारे खरे. मात्र कोवळी पाने मिक्सरमधून काढून कच्चा रस प्यावा, हा त्यातला सल्ला धोक्याचा आहे.

चाया एरंडाच्या कुळातली, कसाव्याची (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात) नातलग. तिच्या कच्च्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. पान चिरले वा वाटले की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटू लागतो, म्हणजे मिक्सर इथे उलटेच काम करतो. मेक्सिकोतील युकातान भागात माया लोक ही भाजी पिढ्यान्‌पिढ्या खातात, पण शिजवूनच. भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता पंधरा-वीस मिनिटे उकळली की हा वायू वाफेबरोबर निघून जातो. भांडे ॲल्युमिनियमचे नसावे, असेही सांगितले जाते. इतक्या उकळण्याने थोडे ‘क’ जीवनसत्त्व जाईल; जाऊ द्यावे.

लेखातली ‘बियांपासून लागवड’ही व्यवहारात क्वचितच जमते, कारण लागवडीतल्या वाणांना बी सहसा धरत नाही. जून फांदीचे वीतभर तुकडे सावलीत काही दिवस सुकवून, चीक आटल्यावर लावावेत. पाने खुडताना हातमोजे घालावेत. काही वाणांवरची बारीक लव चांगलीच दाहक असते. कच्च्या रसाबाबतचा खुलासा पुढच्याच पुरवणीत ठळकपणे छापावा, ही विनंती.