ऑन-रोड रूपांतर संचातील न जुळणाऱ्या गिअरबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय: आरसी (रिमोटने चालणाऱ्या) बग्गीच्या रूपांतर संचातील सदोष पिनियन (मोटरवरचा लहान गिअर), अपुरे भाग आणि नाकारलेला परतावा.

महोदय,

माझ्या १/१० प्रमाणातील फोर-व्हील-ड्राइव्ह इलेक्ट्रिक बग्गीसाठी (मातीत, खडबडीत जागी चालवायच्या छोट्या गाडीसाठी) मी आपल्या संकेतस्थळावरून ऑन-रोड रूपांतर संच मागवला होता. चाके, आखूड स्प्रिंगा, पिनियन आणि स्पर गिअर (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) असे सर्व साहित्य एकाच खोक्यात मिळेल आणि कुठेही कापाकापी न करता बग्गी डांबरी रस्त्यावर चालवता येईल, असे आपल्या जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात या संचातील दोन गिअर एकमेकांशी जुळत नाहीत. त्याचा दोष आपल्या ग्राहक सेवा विभागाने माझ्या जोडणीवर टाकून संच परत घेण्यास नकार दिल्यामुळे ही लेखी तक्रार करीत आहे.

गिअर बदलण्याची गरज का पडते, हे आधी नमूद करतो. बग्गीच्या मूळ मागील चाकाचा व्यास सुमारे ८५ मिलिमीटर आहे आणि आपण दिलेल्या गुळगुळीत टायरच्या चाकाचा ६४ मिलिमीटर. चाक लहान झाले की मोटरच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी सुमारे एक चतुर्थांश कमी अंतर कापते. ती तूट भरून काढण्यासाठी १९ दात्यांच्या पिनियनऐवजी २५ दात्यांचे पिनियन लावणे योग्यच आहे, आणि आपण संचात २५ दात्यांचेच दिले आहे. म्हणजे संच आखणाऱ्याला हिशेब ठाऊक होता. चूक झाली आहे ती भाग निवडताना किंवा पाकिटात भरताना.

संचातील ७० दात्यांच्या स्पर गिअरचा बाहेरचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजला असता ४३.२ मिलिमीटर भरतो. दात्यांच्या संख्येत दोन मिळवून मॉड्यूलने (दात्याच्या आकाराचे मिलिमीटरमधील माप) गुणले की बाहेरचा व्यास मिळतो, हे सूत्र लावल्यास हा गिअर ०.६ मॉड्यूलचा ठरतो. पिनियनचा व्यास मात्र १४.३ मिलिमीटर आहे. २५ दात्यांचे पिनियन ०.६ मॉड्यूलचे असते, तर तो १६.२ मिलिमीटर भरला असता, १४.३ हे माप ४८ पिचच्या (पिच म्हणजे दात्याच्या आकाराचे इंचावर आधारलेले माप) पिनियनचे आहे. पहिल्या गिअरवर दोन लगतच्या दात्यांमधले अंतर साधारण १.८८ मिलिमीटर असते आणि दुसऱ्यावर १.६६. नुसत्या डोळ्यांना हा फरक सहज दिसत नाही, पण असे दोन गिअर एकत्र चालणे शक्य नाही. तरीही आपल्या पाकिटावर दोन्ही भागांसाठी ‘४८ पिच’ असेच छापलेले आहे.

आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर ‘गिअरमधली फट नीट ठेवली नसेल’ असे सांगितले, ते मला मान्य नाही. दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटरचे स्क्रू आवळायचे आणि मग पट्टी काढून घ्यायची, ही सर्वांना माहीत असलेली पद्धत मी वापरली होती. हाताने फिरवताना प्रत्येक दात्याला खट्‌खट् अडखळ जाणवत होती; फट वाढवली की अडखळ कमी होई, पण मग सगळा भार एकाच दात्याच्या टोकावर येई. आमच्या सोसायटीच्या आवारात गाडी चालवताच काही मिनिटांत कर्कश आवाज सुरू झाला, आणि त्यानंतर मोटर फिरत होती तरी गाडी जागची हलेना. गिअरचे झाकण उघडल्यावर आत प्लॅस्टिकचा बारीक भुगा साचलेला होता आणि स्परचे ओळीने काही दाते मुळापासून सपाट झाले होते. धातूच्या पिनियनला मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

स्प्रिंगांबाबतही तक्रार आहे. शॉकची (चाकाचे धक्के शोषणाऱ्या भागाची) लांबी तीच ठेवून केवळ आखूड स्प्रिंगा बसवल्या, तर गाडी उचलताच त्या आपल्या जागी सैल होऊन खुळखुळतात. त्यासाठी शॉकच्या दांड्यावर आतून बसणारे स्पेसर (अंतर राखणारे छोटे तुकडे) लागतात. आपल्या सूचनापत्रकातील आकृतीत ते दाखवलेले आहेत, खोक्यात मात्र नाहीत. चाके १२ मिलिमीटरच्या हेक्सवर (चाक अडकवायच्या षटकोनी भागावर) व्यवस्थित बसली. त्याबद्दल काहीही म्हणणे नाही.

बग्गीची रस्त्यावरची गाडी करणे ही अवास्तव अपेक्षा आहे, असेही कोणी म्हणू नये. तामिया या जपानी कंपनीच्या टीटी-०२ या रस्त्यावरच्या गाडीचा आणि टीटी-०२बी या बग्गीचा पाया एकच आहे, आणि क्योशो या दुसऱ्या जपानी कंपनीची इन्फर्नो जीटी ही रस्त्यावरची गाडी तर बग्गीच्याच सांगाड्यावरून घडलेली आहे. त्यामुळे अशा संचाची कल्पना मला मनापासून आवडली होती, आणि म्हणूनच एकेक भाग शोधत न बसता मी पूर्ण संचाचे पैसे मोजले.

पाकीट उघडले म्हणून परतावा नाही, हे आपले उत्तर नियमाला धरून नाही. पाकीट उघडल्याशिवाय दाते मोजता येत नाहीत. शिवाय, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर तो परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात होणे आवश्यक आहे.

तरी संचाची पूर्ण किंमत मला परत करावी आणि सदोष संच आपल्या खर्चाने घेऊन जावा. याच खेपेतील उरलेल्या संचांची विक्री गिअर मोजून पाहीपर्यंत थांबवावी, आणि ज्यांनी ते आधीच घेतले आहेत त्यांना गाडी चालवण्यापूर्वी कळवावे, ही माझी तितकीच आग्रहाची मागणी आहे. कारण हा छंद नव्याने सुरू करणारा मुलगा किंवा मुलगी दाते तुटल्यावर स्वतःलाच दोष देईल. मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

खरेदीच्या पावतीची प्रत, पाकिटावरील छापील मजकुराचे छायाचित्र आणि कॅलिपरवरील दोन्ही मापांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तुटलेला स्पर गिअर मी जपून ठेवला असून आपल्या तंत्रज्ञाला तो केव्हाही दाखवण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपला ग्राहक
(सही)